बाकीची सत्तावीस वर्षं

मी कॉलेजात असताना आमच्या विद्यापीठाच्या जलतरण संघाला आंतरविद्यापीठ स्पर्धेआधी एक शिबिर मिळायचं. अठरा दिवसांचं. त्यासाठी बाहेरून एक सर यायचे. पहाटे साडेपाचला टँकवर हजर, गळ्यात दोन स्टॉपवॉच आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दोनशे पानी वही. पाण्याचे शिंतोडे उडून तिच्यातली शाई जागोजागी पसरलेली. आमच्या प्रत्येक पन्नास मीटरचं टायमिंग त्या वहीत असायचं. माझी एक खोड त्यांनी चौथ्या की पाचव्या दिवशी पकडली. टर्न मारण्याच्या आधीच्या स्ट्रोकला मी डोकं वर काढून श्वास घ्यायचो, त्यामुळे भिंतीशी पोचेपर्यंत वेग मेलेला असायचा. “भिंत कुठं पळून जात नाही, तिच्याकडं कशाला बघतोस?” एवढंच ते म्हणाले. खोड मोडायला दोन आठवडे लागले. मोडली, आणि शिबिर संपलं. त्या अठरा दिवसांचं मानधन सरांना पुढच्या मार्चपर्यंत मिळालं नव्हतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आपल्याकडे कॉलेजच्या खेळाचा प्रशिक्षक म्हणजे हे असं असतं. कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक नावाचं एक पद असतं खरं, पण त्या एका माणसाकडून कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं पाहण्याची अपेक्षा असते. वर प्रवेश प्रक्रियेची कामं आणि परीक्षेची ड्युटी. पोहणं शिकवणारा माणूस त्या व्यवस्थेत कायमचा नसतोच. तो भाड्याने आणलेल्या मांडवासारखा, कार्य उरकलं की उतरवून ठेवायचा. अध्यापकांच्या तासिका तत्त्वावरच्या नेमणुकांबद्दल आपण निदान ओरड तरी करतो, मोर्चे काढतो. प्रशिक्षकाच्या वाट्याला तेही येत नाही.

अशा वेळी मला अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन गावाची आठवण होते. तिथल्या विद्यापीठात जेम्स काउन्सिलमन हे १९५७ ते १९९० अशी तेहतीस वर्षं जलतरणाचे प्रशिक्षक होते. सगळे त्यांना ‘डॉक’ म्हणत, कारण त्यांनी खरोखरच डॉक्टरेट केली होती, आयोवा विद्यापीठातून, १९५१ साली. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात ते बी-२४ बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक होते. त्यांच्या कारकिर्दीचे आकडे वाचले की छाती दडपते. १९६८ ते १९७३ अशी सलग सहा वर्षं राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद. ‘बिग टेन’ या विद्यापीठ-गटाचं विजेतेपद १९६१ ते १९८० सलग वीस वर्षं. दोन संघांमधल्या थेट लढतींत २८७ विजय, ३६ पराभव, एक बरोबरी. १९६४ आणि १९७६ या दोन ऑलिम्पिकना अमेरिकेच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक. १९७६ ला माँट्रियलमध्ये पुरुषांच्या १३ शर्यती होत्या, त्यातल्या १२ त्यांच्या संघाने जिंकल्या. तेरावी, दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोक, ब्रिटनच्या डेव्हिड विल्कीने नेली. आणि हा विल्कीसुद्धा शिकायला होता अमेरिकेतल्याच मायामी विद्यापीठात!

सत्कार समारंभात हार घालण्याआधी सूत्रसंचालक वाचून दाखवतो तशी ही यादी झाली. मला तिच्यातल्या एका वजाबाकीत जास्त रस आहे. कारकीर्द तेहतीस वर्षांची आणि राष्ट्रीय विजेतेपदं सहा. उरली सत्तावीस वर्षं. या सत्तावीस वर्षांत विद्यापीठाने त्यांना का ठेवलं?

पहिलं विजेतेपद मिळायला अकरा वर्षं लागली. त्यात काही काळ असा होता की त्यांचा संघ देशात तोडीस तोड कुणी नाही इतका तयार असूनही त्याला राष्ट्रीय स्पर्धेत उतरताच येत नव्हतं. विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी खेळाडू मिळवताना नियम मोडले, म्हणून १९६० साली विद्यापीठाच्या सगळ्याच खेळांवर चार वर्षांची बंदी आली. करून गेला गाव आणि जलतरणाचं नाव! त्या चार वर्षांत जी मुलं शिकली आणि पदवी घेऊन बाहेर पडली, त्यांच्या कपाळी महाविद्यालयीन विजेतेपद नव्हतंच. चेट जस्त्रेम्स्की हा त्यांच्यातला. १९६१ मध्ये त्याने शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा जागतिक विक्रम पुनःपुन्हा मोडला. त्याच्यासाठी काउन्सिलमननी ब्रेस्टस्ट्रोकची किकच बदलली होती. पाय ऐसपैस फाकवून पाणी ढकलण्याची जुनी पद्धत सोडून गुडघे जवळ ठेवून आसूड ओढल्यासारखा झटका द्यायचा. पुढे १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरची ती शर्यतच नव्हती. जस्त्रेम्स्कीला दोनशे मीटरमध्ये कांस्यपदक मिळालं. मग तो वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाला आणि माँट्रियलला अमेरिकन संघाबरोबर गेला तो डॉक्टर म्हणून.

आपल्या पद्धतीने मोजायचं तर या काळात काउन्सिलमन यांच्या नावावर काय लागलं असतं? शून्य. अकरा महिन्यांच्या कराराचं नूतनीकरण करायला बसलेल्या समितीने ‘कामगिरी समाधानकारक नाही’ असा शेरा मारून फाइल पुढे सरकवली असती.

आणि शेवटची सतरा वर्षं? १९७४ मध्ये सलग सातवं विजेतेपद त्यांच्या हातून निसटलं ते एका गुणाने. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ ३३९, इंडियाना ३३८. तिथल्या कॉलेजांत पोहणं आणि डायव्हिंग मिळून एकच संघ असतो, दोन्हींचे गुण एकाच खात्यात पडतात. त्यामुळे अशा निकालानंतर एखाद्या सुरातला चुकलेला पाय आणि एखाद्या रिलेतला उशिरा लागलेला हात यातलं काय महागात पडलं, याची चर्चा जन्मभर पुरते. त्यानंतर निवृत्तीपर्यंत इंडियानाला राष्ट्रीय विजेतेपद मिळालं नाही. तरी सतरा वर्षं तोच माणूस, तोच तलाव.

माझं म्हणणं एवढंच आहे की काउन्सिलमन घडले ते या टिकून राहण्यामुळे. पदकं ही त्या टिकण्याची फळं. आपण मात्र फळ दिसल्याशिवाय झाडाला पाणी घालायला तयार नसतो.

ते रिकामी वर्षं काढत बसले नाहीत, हे तर खरंच. पाण्याखाली कॅमेरा नेऊन त्यांनी पोहणाऱ्यांचं चित्रण केलं. अंधारात पोहणाऱ्याच्या हाताला दिवा बांधून हाताच्या वाटेचे फोटो काढले. तोवर सगळे प्रशिक्षक शिकवत होते की हात सरळ मागे ओढायचा, वल्ह्यासारखा. फोटोत दिसलं की उत्तम पोहणाऱ्यांचा हात सरळ जातच नाही, तो वळणं घेत जातो. त्यांना कुणी तसं शिकवलेलं नव्हतं. पाण्यानेच शिकवलं होतं. काउन्सिलमननी त्याला विमानाच्या पंखाचा सिद्धांत लावला, म्हणजे हात पंखासारखा उचल निर्माण करतो असं मांडलं. पुढच्या संशोधकांनी त्यावर भरपूर टीका केली. उचलीपेक्षा पाण्याचा रोधच मुख्य काम करतो, असं बऱ्याच जणांचं मत पडलं. म्हणजे डॉक निदान अर्धे चुकले. पण चूक दाखवता येईल अशा रीतीने, पुराव्यासकट, लिहून ठेवून चुकले. आपल्याकडच्या किती प्रशिक्षकांना चुकण्याची तरी ही संधी मिळते? त्यांचं ज्ञान वहीत राहतं, वही पिशवीत, आणि पिशवी घरी.

तलावाच्या काठावरचं ते मोठं घड्याळ, ज्याचा सेकंदकाटा बघून पोहणारा स्वतःच ठरलेल्या अंतराने सुटतो, तेही काउन्सिलमननी रूढ केलं. वरवर साधी गोष्ट. पण वीस मुलं आणि एक स्टॉपवॉच असेल तर उरलेली एकोणीस मुलं सरांकडे बघत बसतात. भिंतीवर घड्याळ आलं की वीसही मुलांच्या हातात स्वतःची वेळ येते आणि सरांचे डोळे मोकळे होतात, स्ट्रोक बघायला. कसरतीत चांगलं टायमिंग दिलं की डॉक मुलांना जेली बीन्सच्या गोळ्या वाटत. ऑलिम्पिकची तयारी करणारे पहाडासारखे तरुण रंगीत गोळ्यांसाठी जीव तोडून पोहत असत!

डायव्हिंगचा भाग तर याहून बोलका आहे, आणि नेमका तोच लोक विसरतात. इंडियानात १९५९ पासून तीस वर्षं डायव्हिंग शिकवलं ते होबी बिलिंग्सली यांनी. काउन्सिलमन आणि ते दोघेही ओहायो स्टेट विद्यापीठात, एकाच गुरूच्या, माइक पेपी यांच्या हाताखाली वाढलेले. फळीवरून उडालेल्या शरीराला हवेत कोलांटी कशी मिळते आणि पीळ कुठून येतो, हे बिलिंग्सलींनी भौतिकशास्त्राच्या भाषेत मांडायचा प्रयत्न केला. आपल्याकडे विहिरीच्या काठावरून मुटका मारणाऱ्या प्रत्येक पोराला हे भौतिकशास्त्र अंगाने ठाऊक असतं. गुडघे छातीशी आवळले की फिरकी वाढते, अंग सोडलं की मंदावते. कोल्हापूर-सांगलीकडे चांगला मुटका मारणाऱ्याला गावात मान असतो. पाठीला सुका भोपळा किंवा पांगऱ्याचं बिंडं बांधून पाण्यात ढकललेली आणि आठ दिवसांत विहीर आडवी-उभी कापणारी पोरं तिथं ढिगाने आहेत. त्यांना मुटक्यापासून तीन मीटरच्या फळीपर्यंत नेणारा माणूस कोण? एक उन्हाळी शिबिर घेऊन हे भागत नाही. बिलिंग्सलींना मार्क लेन्झी हा कुस्ती खेळणारा मुलगा मिळाला, तेव्हा त्यांची कारकीर्द उतरणीला लागली होती. लेन्झीने तीन मीटर स्प्रिंगबोर्डचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं १९९२ मध्ये, तेव्हा बिलिंग्सली निवृत्त झाले होते.

इथे श्रेयाचा प्रश्न येतो, आणि आपल्याकडे तो फार चिघळलेला आहे. अमेरिकन जलतरणपटू मार्क स्पिट्झचं उदाहरण घ्या. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये सात सुवर्णपदकं, सातही जागतिक विक्रमासह. तो १९६९ पासून इंडियानात काउन्सिलमन यांच्याकडे होता. पण त्याआधी कॅलिफोर्नियात शर्म चावूर आणि जॉर्ज हेन्स यांच्या हाताखाली त्याची जडणघडण झाली होती. आणि म्युनिकला अमेरिकेच्या पुरुष संघाचे अधिकृत प्रशिक्षक होते पीटर डॅलंड, म्हणजे काउन्सिलमन यांचे कट्टर प्रतिस्पर्धी, त्याच दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे. आता सात पदकांचे गुण कुणाच्या खात्यावर टाकायचे? आपल्या द्रोणाचार्य पुरस्काराची नियमित श्रेणी गेल्या काही वर्षांतल्या शिष्यांच्या पदकांवर मोजली जाते. १९८५ पासून हा पुरस्कार आहे, आणि ‘खरा गुरू कोण’ हे वादही तेव्हापासूनच. दहा वर्षांच्या पोराला पाण्यात श्वास सोडायला शिकवणारा त्या हिशेबात बसत नाही. शेवटच्या शिबिरात शेजारी उभा राहिलेला बसतो. पुरस्काराचं नाव द्रोणाचार्य ठेवल्यावर अंगठ्याचा प्रश्न निघणारच म्हणा!

नोकरी कायम असती तर या भांडणातला निम्मा जीव गेला असता. ज्याचा पगार दर महिन्याला येतो त्याला मूल पुढच्या गुरूकडे पाठवताना पोटात गोळा येत नाही. आपल्याकडे खासगी टँकवर बॅच घेणाऱ्या सरांचं मूल दुसरीकडे गेलं तर फी जाते, आणि पदकही जातं. मग ते मुलाला धरून ठेवतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

जलतरणपटू वीरधवल खाडे कोल्हापूरचा. सोळाव्या वर्षी तो २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उतरला. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याला ५० मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक मिळालं, १९८६ च्या खजान सिंग यांच्या रौप्यपदकानंतर जलतरणातलं भारताचं पहिलं. त्याला तयार व्हायला बंगळुरूला, प्रशिक्षक निहार अमीन यांच्याकडे जावं लागलं. राज्य सरकारने त्याचं कौतुक केलं ते तहसीलदार करून. सरकारी नोकरी ही मोठी गोष्ट आहे, कुणाच्याही घरात पेढे वाटले जातील. पण विचार करा, भारतात ५० मीटर बटरफ्लाय त्याच्यापेक्षा जास्त कळणारी माणसं किती असतील? आणि त्याला आपण सात-बारा आणि दाखल्यांच्या टेबलावर बसवलं. कारण खेळाडूला द्यायला आपल्याकडे महसूल खात्यात पद आहे, विद्यापीठाच्या तलावावर नाही.

अमेरिकेचं सगळं उचला असं मी म्हणत नाही. तिथल्या कॉलेज-खेळाचा डोलारा फुटबॉलच्या तिकिटांवर आणि टीव्हीच्या पैशावर उभा आहे. फुटबॉलवाल्यांना शिंक आली की जलतरणाला ताप येतो, हे १९६० साली दिसलंच. २०२० मध्ये करोनाचं निमित्त होऊन आयोवा विद्यापीठाने पैशाअभावी जलतरण संघ बंद करायचं जाहीर केलं. मुलींनी कोर्टात धाव घेतली म्हणून मुलींचा संघ परत आला, मुलांचा गेलाच. हे तेच आयोवा, जिथे १९३० च्या दशकात डेव्हिड आर्मब्रस्टर या प्रशिक्षकाने आपल्या विद्यार्थ्याकडून डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून मारलेला माशासारखा फटका, करून घेतली, ज्यातून आजचा बटरफ्लाय आला. आणि हे तेच आयोवा जिथे काउन्सिलमन डॉक्टर झाले. मुलींच्या खेळाचं तर बोलायलाच नको. लेस्ली बुश या मुलीने बिलिंग्सलींच्या तालमीत १९६४ चं दहा मीटर प्लॅटफॉर्मचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा अमेरिकन कॉलेजांत मुलींसाठी मुलांसारखी राष्ट्रीय स्पर्धा की शिष्यवृत्ती, काहीच नव्हतं. शिक्षणात मुली-मुलांत भेद करायला मनाई करणारा १९७२ चा कायदा येईपर्यंत विद्यापीठांना ते सुचलं नाही.

तेव्हा फुटबॉलचा पैसा आपल्याला नको, तो येणारही नाही. घेण्यासारखी गोष्ट एकच आहे. प्रशिक्षकाला प्राध्यापकाच्या रांगेत बसवणं. काउन्सिलमन तलावावर होते तसेच वर्गातही होते. १९६८ मध्ये पोहण्याच्या शास्त्रावर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं, ते जगभर वाचलं गेलं. हे मानधनावरच्या माणसाकडून होत नाही. पुढच्या जूनमध्ये आपण कुठे असू हे ज्याला ठाऊक नाही, तो पुस्तक कधी लिहील?

यावर ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. कायम केलं की माणूस सुस्तावतो. अनुदानित कॉलेजात शिकलेल्या कुणालाही हे पटेल. पिवळ्या पडलेल्या नोट्स वर्षानुवर्षं वाचून दाखवणारे मास्तर आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पण पोहण्यात एक सोय आहे जी मराठी साहित्य शिकवण्यात नाही: घड्याळ खोटं बोलत नाही. पहिल्या वर्षी शंभर मीटरला एक मिनिट बारा सेकंद लावणारी मुलगी तिसऱ्या वर्षी किती लावते, आणि मुळात ती तिसऱ्या वर्षी पाण्यात आहे का, एवढं दर वर्षी मोजा. पदकं मोजायची गरजच नाही. शंभरातल्या एकाला पदक मिळतं, ते बऱ्याचदा त्याच्या उंचीमुळे आणि आईबापांमुळे. उरलेल्या नव्व्याण्णवांचे सेकंद कुणामुळे कमी झाले, त्यावर प्रशिक्षकाचं काम ठरवा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एकाच माणसाच्या हातात वर्षानुवर्षं मुलं देणं धोक्याचं आहे. २०१९ मध्ये गोव्यातल्या एका जलतरण प्रशिक्षकावर अल्पवयीन जलतरणपटू मुलीच्या लैंगिक छळाचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा देशभरच्या पालकांच्या पोटात धस्स झालं होतं. अमेरिकन जलतरण संघटनेला तर आजन्म बंदी घातलेल्या प्रशिक्षकांची यादी जाहीर करावी लागली. हा धोका मी हलका करत नाही. पण मानधनाच्या पद्धतीने तो कमी होतो का? कंत्राटी माणूस एका टँकवरून दुसऱ्या टँकवर जातो आणि त्याचा इतिहास मागेच राहतो. कायम पदावरच्या माणसाची सेवापुस्तिका असते, महाविद्यालयाची तक्रार समिती त्याला लागू होते, वरिष्ठ असतात, पेन्शन अडकवता येते. ज्याचं आपल्याकडे काही अडकलेलंच नाही, त्याला आपण कशाच्या जोरावर जाब विचारणार?

काउन्सिलमननी १९७९ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, इंग्लिश खाडी पोहून पार केली. तोवर इतक्या वयाच्या कुणीही ती पार केली नव्हती. शेवटच्या राष्ट्रीय विजेतेपदाला सहा वर्षं उलटून गेली होती. निवृत्तीला अकरा बाकी होती. पाण्यात ते तेरा तासांहून अधिक काळ होते. परत येऊन ते त्याच तलावावर, त्याच मोठ्या घड्याळाखाली उभे राहिले. आज विद्यापीठाच्या तलावाला काउन्सिलमन आणि बिलिंग्सली अशी दोन्ही नावं आहेत. पोहणारा आणि सूर मारणारा, दोघांचीही.

आमच्या शिबिराला पुढच्या वर्षी दुसरे सर आले. तेही चांगले होते. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पन्नास मीटर पोहायला लावलं, कुणाचं किती टायमिंग आहे ते बघायला. मागच्या वर्षीचे आकडे आहेत का, असं त्यांनी विचारलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. वही सरांबरोबर गेली होती. नव्या सरांनी बाजारातून नवी वही आणली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.